पेडोमीटर : वयोगटांनुसार शारीरिक हालचालींचे मापन

चालताना पडणारी पावले मोजून व्यक्तीच्या दैनंदिन हालचालींचा अंदाज देणाऱ्या, सहसा कमरेला लावल्या जाणाऱ्या छोट्या यंत्राला पेडोमीटर म्हणतात. शारीरिक शिक्षण, सार्वजनिक आरोग्य आणि पुनर्वसन या क्षेत्रांत ते सर्व वयोगटांसाठी वापरले जाते. प्रश्नावलीतली उत्तरे स्मरणावर अवलंबून असतात आणि लहान मुलांना तर कालच्या दिवसाचाही हिशेब नीट देता येत नाही. पेडोमीटरमुळे ही अडचण टळते. मात्र हे यंत्र फक्त पावले मोजते, श्रम नव्हे, आणि म्हणून त्यावरचा आकडा वय लक्षात घेतल्याशिवाय वाचता येत नाही.

यांत्रिक पेडोमीटरमध्ये स्प्रिंगवर तोललेली एक छोटी आडवी दांडी असते. पाऊल टेकताना कमरेला बसणाऱ्या हिसक्याने ती खाली-वर होते, विद्युत मंडल जोडले जाते आणि एक पाऊल नोंदले जाते. संशोधनात दीर्घकाळ प्रमाण मानल्या गेलेल्या यामॅक्स डिजी-वॉकर या यंत्रात हा हिसका गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.३५ पट असावा लागतो. हा उंबरठा खाली आणला, तर वाहनातले धक्केही पावले म्हणून मोजले जातात; वर नेला, तर हलकी पावले सुटतात. यंत्र मांडीच्या मध्यरेषेवर, कमरपट्ट्याला उभे लावायचे असते. पोट सुटलेल्या व्यक्तीच्या कमरेवर ते कलते आणि दांडीची हालचाल अडखळते. अशा वेळी दाबविद्युत स्फटिकावर (दाब पडला की वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकावर) चालणारी यंत्रे अधिक भरवशाची ठरतात. मोजणी सुरू करण्यापूर्वी २० पावले चालून आकडा ताडून पाहणे, ही साधी पण अत्यावश्यक तपासणी आहे.

मुलांची हालचाल तुटक असते. ती काही सेकंद धावतात, थांबतात, उड्या मारतात, पुन्हा धावतात. त्यांचे पाऊल आखूड असल्याने तेवढ्याच अंतराला त्यांची पावले मोठ्यांपेक्षा जास्त पडतात. प्राथमिक शाळेच्या वयात मुलगे दिवसाला सरासरी १२,००० ते १६,००० आणि मुली १०,००० ते १३,००० पावले चालतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात आढळले. किशोरवयात हा आकडा उतरत जाऊन अठराव्या वर्षापर्यंत ८,००० ते ९,००० वर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली रोजची ६० मिनिटांची मध्यम ते तीव्र हालचाल पावलांत मांडायची, तर किशोरांसाठी ती अंदाजे १०,००० ते ११,७०० पावलांशी जुळते.

प्रौढांसाठी दहा हजार पावलांचे उद्दिष्ट सर्वपरिचित आहे. ते १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’ (म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’) या पेडोमीटरबरोबर रूढ झाले. मृत्युदर किंवा आजारांच्या अभ्यासातून ते ठरलेले नव्हते. पुढे संशोधकांनी ५,००० हून कमी पावलांना बैठी जीवनशैली आणि १०,००० किंवा अधिक पावलांना सक्रिय जीवनशैली मानणारी प्रतवारी मांडली. प्रौढांत मिनिटाला सुमारे १०० पावले, ही मध्यम तीव्रतेच्या चालण्याची किमान गती समजली जाते. ती कळण्यासाठी पावलांबरोबर वेळही नोंदवणारे यंत्र लागते, कारण साध्या पेडोमीटरला रमतगमत टाकलेली पावले आणि झपाझप टाकलेली पावले सारखीच.

वृद्धांच्या बाबतीत मापनाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. ताशी सुमारे तीन किलोमीटरपेक्षा संथ चालताना, किंवा पाय घासत चालताना, कमरेला पुरेसा हिसका बसत नाही आणि बरीच पावले नोंदलीच जात नाहीत. ज्यांच्यासाठी घरातल्या चार फेऱ्याही मोलाच्या असतात, त्यांच्याच फेऱ्या अशा प्रकारे हिशेबाबाहेर राहतात. म्हणून काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्यांसाठी घोट्याला बांधायचे यंत्र वापरणे योग्य. निरोगी वृद्धांत दिवसाला २,००० ते ९,००० इतकी मोठी तफावत आढळते. २०२२ मध्ये पंधरा अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात साठीच्या पुढे सुमारे ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत मृत्यूचा धोका घटत गेलेला आणि त्यापुढे जवळजवळ स्थिरावलेला दिसला. साठीच्या आतील प्रौढांत हीच मर्यादा ८,००० ते १०,००० होती.

आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस जास्त चालू लागतो. चालण्याची सवय लावायची असेल, तर हा यंत्राचा गुणच आहे. नेहमीचे वर्तन मोजायचे असेल, तर मात्र तो दोष ठरतो आणि यंत्र मोहोरबंद करून द्यावे लागते. प्रौढांत तीन दिवसांची नोंद बहुधा पुरते, मुलांत चार-पाच दिवस तरी लागतात आणि त्यांत शाळेचे दिवस व सुट्टी दोन्ही असावे लागतात. पोहणे, सायकल चालवणे आणि वजन उचलणे यांची नोंद पेडोमीटर जवळजवळ घेत नाही, त्यामुळे यंत्र काढून ठेवल्याच्या वेळा आणि अशा व्यायामांची मिनिटे वेगळ्या रोजनिशीत लिहून घेतली जातात.