नव्याण्णव डॉलरचा टॅब्लेट : बंद पडलेल्या मालामागच्या धावपळीची पार्श्वभूमी

2011 साली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, 1 सप्टेंबरला होती. तिच्या बरोबर बारा दिवस आधी, म्हणजे 20 ऑगस्टच्या शनिवारी, अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्ड म्हणजेच एचपी या कंपनीने मुळात 499 डॉलरना आणलेल्या टचपॅड या आपल्या टॅब्लेटची किंमत एकदम 99 डॉलरवर आणली. 32 जीबी साठवणक्षमतेचा, मुळात 599 डॉलरचा टॅब्लेट 149 डॉलरना मिळू लागला. अशी घट दिवाळीच्या सेलमध्येही कधी पाहायला मिळत नाही, आणि गणपतीला घरी येण्यासाठी सामान बांधत असलेल्या परदेशस्थ गोवेकरांच्या घरचे फोन त्या आठवड्यात याच एका वस्तूसाठी खणखणले असतील, तर त्यात नवल नव्हते. ज्या टॅब्लेटकडे आदल्या आठवड्यापर्यंत फारसे कोणी वळून पाहत नव्हते, तोच मिळवण्यासाठी लोक दुकानांपुढे रांगा लावू लागले. ही उलथापालथ का झाली, हे समजून घ्यायचे तर पंधरा वर्षे मागे जावे लागते.

हातात मावणारा संगणक सामान्य नोकरदाराच्या खिशात नेऊन पोचवणाऱ्या कंपन्यांमध्ये पाम हे नाव अग्रभागी होते. 1996 साली तिचा पायलट हा खिशातला संगणक बाजारात आला. पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि भेटींच्या वेळा त्यात प्लास्टिकच्या काडीने लिहून ठेवता येत. पुढची काही वर्षे या वर्गातील उपकरणांवर पामचे जवळपास राज्य होते. मोबाईल फोन हुशार होत गेला तसा वेगळ्या डायरीचा उपयोग सरला आणि 2007 मध्ये आयफोन आल्यावर कंपनीची घसरण सर्वांना दिसू लागली. या पडत्या काळात पामने जे केले ते मात्र असामान्य होते. ॲपलमध्ये आयपॉड घडवण्यात मोठा वाटा असलेले जॉन रुबिन्स्टाइन यांच्या देखरेखीखाली तिने फोन चालवणारी पूर्णपणे नवी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) तयार केली आणि जानेवारी 2009 मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात ती जगापुढे मांडली. तिचे नाव वेबओएस. उघडलेले प्रत्येक काम पडद्यावर खेळायच्या पत्त्यासारखे दिसावे, एकावरून दुसऱ्यावर बोटाने सरकता यावे आणि नको असलेला पत्ता वर ढकलला की ते काम बंद व्हावे, ही तिची रचना होती. आज कोणत्याही फोनवर आपण हेच करतो. त्या काळी ते इतक्या सफाईने दुसरीकडे कुठे होत नव्हते, आणि एका बुडत्या कंपनीच्या अभियंत्यांचे हे ऋण मोबाईलच्या इतिहासात पुरेसे मानले गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

चांगली प्रणाली असूनही पामकडे तग धरण्यापुरता पैसा उरला नव्हता. एप्रिल 2010 मध्ये एचपीने ती सुमारे 1.2 अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला. त्याच महिन्यात पहिला आयपॅड दुकानांत आला होता, आणि जगातील सर्वांत मोठ्या संगणक-उत्पादकाला या नव्या बाजारात स्वतःच्या मालकीची प्रणाली हवी होती. मात्र हा करार करणारे मुख्य कार्यकारी अधिकारी मार्क हर्ड यांनी ऑगस्ट 2010 मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी जर्मन सॉफ्टवेअर कंपनी एसएपीमध्ये कारकीर्द घडलेले लिओ अपोथेकर आले. त्यांचा कल यंत्रे विकण्यापेक्षा व्यवसायांना लागणारे सॉफ्टवेअर विकण्याकडे होता. वेबओएसवर चालणारा टचपॅड घडत होता तो या दोन धोरणांच्या सांध्यावर, आणि त्याचे पुढचे भवितव्य बऱ्याच अंशी तिथेच ठरले.

1 जुलै 2011 रोजी टचपॅड अमेरिकेत विक्रीला आला. 9.7 इंचांचा पडदा, दोन गाभ्यांचा स्नॅपड्रॅगन प्रोसेसर आणि एक जीबी रॅम असलेले हे यंत्र कागदावर कमी नव्हते. पण ते जाड होते, सुमारे 740 ग्रॅम वजनाचे होते, आणि आयपॅड 2 चे वजन 600 ग्रॅमच्या आसपास असताना त्याची किंमत मात्र आयपॅडइतकीच ठेवलेली होती. त्याच्यासाठी खास तयार झालेली ॲप सुरुवातीला काही शेकड्यांतच होती. सुरुवातीचे सॉफ्टवेअर मंद चाले, ही तक्रार पहिल्या परीक्षणांपासूनच आली. ग्राहकाने तेवढ्याच पैशात आयपॅड घेणे पसंत केले. बेस्ट बाय या बड्या दुकानसाखळीने घेतलेल्या सुमारे 2 लाख 70 हजार टचपॅडपैकी जेमतेम 25 हजारच विकले गेल्याचे वृत्त ऑगस्टच्या मध्याला अमेरिकन माध्यमांत आले, तेव्हा गोदामे भरलेली होती आणि दुकानदार माल परत घ्या म्हणून कंपनीच्या मागे लागले होते.

18 ऑगस्टला एचपीने वेबओएसवर चालणारी सर्व उपकरणे बंद करत असल्याचे जाहीर केले. टचपॅड बाजारात येऊन सात आठवडेही झाले नव्हते. त्याच दिवशी कंपनीने ऑटोनॉमी ही ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी दहा अब्जांहून अधिक डॉलरना घेत असल्याचे आणि स्वतःचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय वेगळा काढण्याचा विचार करत असल्याचेही सांगितले. किंमतकपातीची सुरुवात दुसऱ्या दिवशी कॅनडातून झाली, मग अमेरिका आणि त्यामागोमाग ब्रिटन, जिथे नवी किंमत 89 आणि 115 पौंड होती. ऑस्ट्रेलियात तर टचपॅड 15 ऑगस्टला विक्रीला आला आणि आठवडाभरातच 98 ऑस्ट्रेलियन डॉलरना निकाली निघाला. तिथे ज्याने पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत मोजली, त्याचे दुःख कोणत्याही देशातील ग्राहकाला कळेल.

एवढ्या खालच्या किमतीमागचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे. यंत्र उघडून त्यातील सुट्या भागांचे मूल्य काढणाऱ्या आयसप्लाय या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एका टचपॅडसाठी लागणारे भाग आणि जोडणी यांचाच खर्च 300 डॉलरच्या घरात जात होता. म्हणजे 99 डॉलरना विकलेल्या प्रत्येक नगामागे सुमारे 200 डॉलरची तोशीस कंपनी सोसत होती, वाहतूक आणि जाहिरात निराळीच. तरीही माल परत बोलावणे, साठवणे, मोडून भाग विकणे आणि दुकानदारांची देणी भागवणे या सगळ्यापेक्षा तो आठवडाभरात संपवणे परवडणारे होते, असा निष्कर्ष कंपनीने काढलेला दिसतो. व्यापारात साठा अंगावर पडला की त्याची खरी किंमत उत्पादनखर्चावर ठरत नाही. तो अजून किती दिवस जागा अडवून राहणार, यावर ठरते. पणजीच्या 18 जून मार्गावरील कापड दुकानदारालाही हे गणित पाठ असते. फक्त इथे आकडे कोट्यवधी डॉलरचे होते.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर केवळ स्वस्ताई हे या झुंबडीचे पुरेसे कारण ठरत नाही. त्याच महिन्यात टचपॅडवर आधी 50 आणि मग 100 डॉलरची सूट देऊन झाली होती, तरी गर्दी उसळली नव्हती. फरक पडला तो दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे : किंमत अशी झाली की फसलो तरी फार बिघडणार नाही असे वाटावे, आणि माल असा झाला की संपला की पुन्हा येणार नाही. सूट असलेली वस्तू उद्याही मिळेल म्हणून माणूस थांबतो. उत्पादन बंद झालेल्या वस्तूसाठी थांबायची सोयच नसते. म्हणून लोक पहाटेपासून दुकानांबाहेर उभे राहिले, एकमेकांना कोणत्या शाखेत किती नग उरले ते कळवू लागले, संकेतस्थळे भाराने कोलमडली. काही ऑनलाइन दुकानांनी असलेल्या साठ्यापेक्षा कितीतरी जास्त मागण्या स्वीकारल्या आणि नंतर त्या रद्द केल्या. अनेक ठिकाणी माणशी एक किंवा दोनच नग अशी मर्यादा घालावी लागली. लिलावाच्या संकेतस्थळांवर हाच टॅब्लेट दुप्पट आणि त्याहून अधिक भावाने फिरू लागला. या पुनर्विक्रेत्यांविषयी सहानुभूती वाटणे कठीण आहे, कारण ज्या विद्यार्थ्याला किंवा निवृत्त माणसाला आयुष्यातला पहिला टॅब्लेट 99 डॉलरना मिळाला असता, त्याच्या हातचा तो त्यांनी काढून घेतला.

मागणी पाहून एचपीने 30 ऑगस्टला शेवटची एक खेप तयार करण्याचे जाहीर केले. जे उपकरण विकले जात नाही म्हणून बंद केले, ते विकले जाते म्हणून पुन्हा बनवायचे, तेही तोट्यात, असा हा विलक्षण प्रसंग होता. पुढे 11 डिसेंबरला दुरुस्त करून पुन्हा विक्रीयोग्य केलेले नग कंपनीने ईबेवर 99 आणि 149 डॉलरनाच काढले, आणि तेही पाहता पाहता संपले. एनपीडी या बाजारसंशोधन संस्थेने 2011 च्या पहिल्या दहा महिन्यांचे अमेरिकेतील आकडे दिले, तेव्हा आयपॅड वगळता उरलेल्या टॅब्लेटमध्ये एचपीचा वाटा 17 टक्के, म्हणजे सर्वाधिक निघाला. अपोथेकर मात्र हे पाहायला खुर्चीवर नव्हते. 22 सप्टेंबरलाच त्यांना दूर करून मेग व्हिटमन यांची नेमणूक झाली होती.

गोव्यात या किमतीचा अर्थ रुपयांत लावला गेला. डॉलर तेव्हा साधारण 45-46 रुपयांना होता, म्हणजे टचपॅड साडेचार हजारांचा झाला. भारतात आयपॅड 2 ची किंमत 29,500 रुपयांपासून सुरू होत होती, आणि सॅमसंगचा पहिला गॅलक्सी टॅब आदल्या नोव्हेंबरात 38,000 रुपयांना आला होता. मडगाव, म्हापसा किंवा वास्कोच्या दुकानात साडेचार हजारांत बरा फोनही येत नसे. बोटीवर नोकरी करणारे, आखातात किंवा इंग्लंडात स्थायिक झालेले, अमेरिकेत शिकणारे असे कोणी ना कोणी गोव्यातील असंख्य कुटुंबांत असते, त्यामुळे वस्तू तिथे घेऊन सामानातून आणायची ही वाट नवी नव्हती. परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाला तेव्हा 25,000 रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणता येत, आणि एक टचपॅड त्या मर्यादेत आरामात बसत होता. ज्यांचे कोणी बाहेर नव्हते, त्यांना मुंबईतल्या हाजीअलीच्या हीरा पन्नासारख्या आयात मालाच्या बाजारांकडे पाहावे लागे, जिथे किंमत अर्थातच 99 डॉलर राहत नसे.

संपत चाललेल्या परदेशी साठ्यामागे धावण्याचा अनुभव गोव्याच्या मागील पिढीलाही होता. पोर्तुगीज राजवटीत येथील आयात भारतातल्यासारखी जखडलेली नव्हती, त्यामुळे युरोपीय घड्याळे, रेडिओ आणि मोटारी येथे सहज दिसत. 19 डिसेंबर 1961 च्या मुक्तीनंतर भारतीय आयातनियम लागू झाले आणि दुकानांत जो माल शिल्लक होता, तो संपला की तसा पुन्हा येणे बंद झाले. दोन्ही प्रसंगांची कारणे पूर्ण वेगळी आहेत, पण शेवटचा नग हाती लागावा म्हणून होणारी घाई दोन्हींकडे एकच.

भारतीय दुकानांत प्रत्यक्ष घडलेला असा प्रसंग काही महिन्यांनी आला, तो ब्लॅकबेरीच्या प्लेबुकचा. 27,990 रुपयांना आलेला 16 जीबीचा प्लेबुक डिसेंबर 2011 मध्ये 13,490 रुपयांवर उतरला. त्यामागेही न विकलेल्या मालाचेच ओझे होते : ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिसर्च इन मोशन या कंपनीने त्याच महिन्यात प्लेबुकच्या साठ्यापोटी 485 दशलक्ष डॉलरची तूट हिशेबात दाखवली. ऑक्टोबरात केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी आकाश हा अतिस्वस्त टॅब्लेट दिल्लीत सादर केला होता, पण तो पहिल्यापासूनच कमी ताकदीचा म्हणून घडवलेला होता. तोट्यात निघालेला भारी टॅब्लेट आणि मुळातच स्वस्त बनवलेला टॅब्लेट यांतील फरक ग्राहकाला पडद्याला बोट लावताच कळत होता.

टचपॅड घेणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न पुढे होता : कंपनीने हात काढून घेतलेल्या यंत्राचे करायचे काय? याचे उत्तर स्वयंसेवी प्रोग्रामरांनी दिले. सायनोजेनमॉड या मुक्त अँड्रॉइड आवृत्तीवर काम करणाऱ्यांनी ऑक्टोबर 2011 मध्ये टचपॅडवर अँड्रॉइड चालवून दाखवले आणि जानेवारी 2012 मध्ये अँड्रॉइड 4.0 ची प्राथमिक आवृत्तीही उपलब्ध केली. वेबओएस न पुसता दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर ठेवता येत आणि सुरू करताना हवी ती निवडता येत असे. मराठी वाचकाच्या दृष्टीने ही घटना विशेष मोलाची आहे. त्याआधीच्या 2.3 आवृत्तीत देवनागरीच्या जागी सर्वसाधारणपणे रिकाम्या चौकटी दिसत. 4.0 पासून देवनागरी अँड्रॉइडमध्ये मुळातच समाविष्ट झाली. म्हणजे निर्मात्याने टाकून दिलेल्या टॅब्लेटवर, कोणी पैसे न देता रात्री जागून केलेल्या कामामुळे, मराठी वर्तमानपत्र वाचता येऊ लागले. या लोकांविषयी कृतज्ञता व्यक्त केल्याशिवाय टचपॅडचा इतिहास लिहिणे अन्यायाचे होईल.

वेबओएस तगली, पण तिचे घर बदलले. डिसेंबर 2011 मध्ये एचपीने ती मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येईल अशी, करण्याचे जाहीर केले, फेब्रुवारी 2013 मध्ये एलजीने ती घेतली आणि 2014 पासून एलजीच्या दूरचित्रवाणी संचांत ती येऊ लागली. तीच प्रणाली आता बैठकीच्या खोलीतल्या पडद्यावर चालते. टचपॅडसाठी एचपी चालवत असलेले ॲपचे दालन आणि माहितीचा राखीव साठा ठेवण्याची सेवा 15 जानेवारी 2015 रोजी बंद झाली. त्यानंतरही ज्यांनी त्यावर अँड्रॉइड चढवले होते, त्यांचे यंत्र बॅटरी साथ देईल तोवर चालत राहिले.