‘सारखा’ दिसला म्हणजे उपमा नव्हे

‘सारखा, प्रमाणे, सम’ आले की उपमा आणि ‘जणू, गमे, वाटे, भासे’ आले की उत्प्रेक्षा, ही अलंकार ओळखायची युक्ती पिढ्यान्‌पिढ्या पाठ करवली जाते. पेपरात ती बऱ्याचदा चालतेही. पण अलंकार शब्दावरून ठरत नाही.

‘तो वडिलांसारखा उंच आहे’ यात ‘सारखा’ आहे, उपमा नाही. दोन माणसांची उंची मोजली, बस्स. ‘मला घरी जावेसे वाटे’ यात ‘वाटे’ आहे, पण कल्पनाच नाही, म्हणून उत्प्रेक्षाही नाही. उलट ‘चंद्रमुखी’त साम्यवाचक शब्द गळलाय, तरी ती उपमाच, तिला लुप्तोपमा म्हणतात.

आधी उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी करायची ते) शोधा, ती भिन्न जातीची हवीत. मग त्यांचं नातं पाहा:

‘आजीचे हात आमसुलासारखे सुरकुतलेले.’ दोन्ही वेगळी राहिली, सुरकुत्या समान: उपमा.
‘आजीचे हात जणू वाळलेली आमसुलंच.’ तीच असावीत अशी कल्पना: उत्प्रेक्षा.
‘आजीच्या हातांची आमसुलं भाकरी थापत होती.’ भेदच उरला नाही: रूपक.

लेखक निवड करतो ती याच अंतराची. रूपकात धोका मोठा: आमसुलं भाकरी कशी थापतील, असं वाटून वाचकाला हसू फुटलं की ओळ गेली.