मुगाच्या पाण्याची भुर्जी

परवा धिरड्यांसाठी भिजवलेल्या मूगडाळीतली वाटीभर मी बाजूला काढली आणि एक उद्योग केला. भरपूर पाणी घालून ती मिक्सरला बारीक वाटली, पंचाच्या फडक्यातून गाळली आणि 'पातेल्याला तासभर हात लावायचा नाही' असं घरात बजावलं. तळाशी पांढरा थर बसला, तो स्टार्च. वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून घेतलं, गॅसवर ठेवलं, लिंबू पिळलं. दूध फाटावं तसं ते फाटलं आणि भुर्जीसारख्या मऊ गुठळ्या वर आल्या.

हे मुगाचं प्रथिन. शंभर ग्रॅम डाळीत ते साधारण 24 ग्रॅम असतं आणि तापवलं की अंड्यासारखं जमून येतं. याच गुणावर अमेरिकेतल्या ईट जस्ट कंपनीनं कोंबडीविना 'अंडं' बाटलीत भरून विकायला काढलं. वाशीच्या दाणा मार्केटात जे पोत्यांनी पडलेलं असतं, त्यातूनच!

पण जगात वनस्पती ढिगानं आणि प्रत्येकीत प्रथिनं हजारोंनी. त्यातलं कामाचं कुठलं, हे शोधायला आता एआय आहे. ऐरोली, रबाळे, महापे भागात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. हा शोध असल्याच इमारतींतल्या यंत्रांवर चालतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची घडी पडलेली साखळी. साखळीचा नुसता क्रम दिला की तिची घडी कशी पडेल, हे अल्फाफोल्ड नावाचा एआय सांगतो. 2022 मध्ये अशा 20 कोटींहून जास्त घड्या सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं, आणि नवी प्रथिनं रचण्यासाठी डेव्हिड बेकर यांना.

मात्र माझ्या पातेल्यात गुठळी झाली ती घडी मोडल्यावर. उष्णतेनं साखळ्या सुटतात, एकमेकींत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी अडकतं. एका रेणूची सुबक घडी पाहून हजारोंचा गुंता कसा होईल ते कळत नाही. त्यासाठी मीठ किती, आंबटपणा किती, किती अंशांना किती घट्ट, अशा मोजलेल्या नोंदी लागतात. त्या जमवायला पातेलंच चढवावं लागतं, आणि ज्या कंपन्यांनी जमवल्या त्या फुकट कशाला वाटतील?

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाची गोष्ट आणखी अवघड. 2013 मध्ये डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी लंडनला खाऊ घातलेल्या पहिल्या बर्गरचा खर्च अडीच लाख युरोंच्या घरात होता. सिंगापूरनं 2020 च्या डिसेंबरात असं चिकन विकायला परवानगी दिली, तरी स्वस्ताई दूरच आहे. पेशींना वाढीसाठी जी प्रथिनं पाजावी लागतात, त्यातली काही 37 अंशांवर लवकर निकामी होतात. ती जास्त टिकाऊ बनवणं हे एआयचं खरं काम, आणि ते तो चांगलं करेल असं मला वाटतं. पण प्राण्याची पेशी दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेते आणि एखादा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. टाकीत एक शिरला की सगळा घाणा वाया. इथे स्टीलची टाकी, वाफ आणि स्वच्छता यांनाच पर्याय नाही.

तर माझी भुर्जी. आईनं चिमूटभर तोंडात टाकली. "कच्चट वास येतोय रे."

वास येणारच. डाळ पाण्यात वाटली की तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) स्निग्धांशाला भिडतं आणि हिरवट वासाची रसायनं तयार होतात. डाळ आधी भाजली तर विकर मरतं. म्हणून दुसरी वाटी खमंग भाजून वाटली. वास गेला, पण भाजतानाच प्रथिनाचा गुंता होऊन बसला होता. पाणी नुसतं गढूळ राहिलं, गुठळी धरेना. किती अंश, किती मिनिटं, मुगाचं कुठलं वाण, हे सगळं जुळवून वास घालवायचा आणि जमणं राखायचं, असल्या कोड्यात मात्र एआयला खरंच लावून बघावं.

तोवर आईनं पहिल्या गुठळ्यांवर हिंग-मोहरीची फोडणी घातली होती.