गाठ शोधायची, पण किती वेळा?

कर्करोगाच्या गाठी शोधणाऱ्या पेट स्कॅनच्या आधी मुलाला पांघरुणात गुरफटून तासभर पडून राहावं लागतं. काही तास पोटात पाण्याशिवाय काही नाही, त्यामुळे चिडचिड वेगळीच. बाहेर उकाडा असला तरी पांघरूण काढायचं नाही. थंडी वाजली की मानेजवळची तपकिरी चरबी ऊब आणायला साखर जाळू लागते आणि स्कॅनमध्ये गाठीसारखी चकाकते. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, गाठीही बऱ्याचदा मानेतच असतात, म्हणजे घोळ व्हायला जागा भरपूर.

सगळा खेळ साखरेचा आहे. शिरेतून ग्लुकोजसारखं एक औषध देतात. त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. कर्करोगाच्या पेशी ते अधाशीपणे ओढून घेतात, पण पुरतं पचवू शकत नाहीत, म्हणून ते आतच अडकतं. हा फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मा उरतो, त्यामुळे तो फार लांबून आणता येत नाही.

एका स्कॅनला घाबरण्याचं कारण नाही. उलट हॉजकिन या प्रकारच्या लिम्फोमात केमोच्या दोन फेऱ्यांनंतर गाठी विझलेल्या दिसल्या, तर पुष्कळदा पुढचे रेडिएशनचे उपचार टाळता येतात. प्रश्न आहे तो किती वेळा, याचा. वाढत्या वयातल्या पेशी किरणांना जास्त हळव्या असतात, आणि बऱ्या झालेल्या मुलापुढे उभं आयुष्य पडलेलं असतं.

एमआरआयमध्ये किरणोत्सार अजिबात नाही. त्याच्या 'डिफ्युजन' तंत्रात पाहतात ते पाणी. दाटीवाटीने वाढलेल्या गाठीत पाण्याच्या रेणूंना हलायला जागा कमी, म्हणून ती उठून दिसते. पण मुलांच्या हाडांतली मज्जाही पेशींनी खच्चून भरलेली असते. ती निरोगी असूनही गाठीसारखीच चमकते!

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हाइके डाल्ड्रुप-लिंक यांच्या गटाने यावर लोह वापरलं. फेरुमॉक्सिटॉल हे लोहाचं औषध खरं तर मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तक्षयासाठी देतात. त्याचे अतिसूक्ष्म कण निरोगी मज्जेतल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात. तो भाग काळा पडतो आणि गाठ उजळ राहते. २०१४ साली त्यांनी २२ मुलं आणि तरुण रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. एकूण १७४ गाठींपैकी पेट-सीटीने (पेट आणि क्ष-किरणांचा सीटी स्कॅन एकत्र) १६३ टिपल्या, एमआरआयने १५८. किरणांची मात्रा पेट-सीटीत सरासरी १२.५ मिलिसिव्हर्ट, इकडे शून्य. रुग्ण थोडेच होते, पण पाच गाठींच्या फरकात एवढी बचत मला तरी मोठी वाटते.

म्हणून पेट मोडीत काढा असं नाही. फुप्फुसातले बारीक ठिपके अजून सीटीतच नीट दिसतात. शिवाय एमआरआयच्या त्या ठोकाठोकीत बराच वेळ निश्चल पडायचं, तर अगदी लहानग्यांना भूलच द्यावी लागते. काही रुग्णालयांत आता पेट आणि एमआरआय एकाच यंत्रात होतात: सीटीचे किरण वाचतात आणि दोन्ही तपासण्या एकाच भुलीत उरकतात.