ताइझोंग, पण कुठला?

आपल्याकडे दोन बाजीराव झाले, तर थोरले आणि दुसरे म्हणून निभावून जाते. चीनच्या इतिहासात नुसते 'ताइझोंग' म्हटले की प्रश्न येतोच: कुठल्या घराण्याचा? ६४५ मध्ये भारतातून परतलेल्या ह्युएनत्संगाला भेटीला बोलावणारा तो तांग ताइझोंग. ९७६ मध्ये भावामागून गादीवर आला तो सोंग ताइझोंग. ल्याओ, जिन आणि चिंग घराण्यांतही एकेक आहे. चंगेजखानाचा मुलगा ओगदेई यालाही कुबलाईच्या काळात हेच नाव मिळाले.

यांपैकी एकानेही हे नाव जिवंतपणी ऐकले नाही. सम्राट वारला की राजघराण्याच्या पितृमंदिरात त्याच्या नावाची पाटी बसे आणि तिथल्या पूजेसाठी हे मंदिरनाम ठरे. 'झू' म्हणजे मूळपुरुष, 'झोंग' म्हणजे वंश पुढे नेणारा. संस्थापक बहुधा ताइझू, त्याच्यामागचा बहुधा ताइझोंग. प्रत्येक घराण्याचे मंदिर वेगळे, त्यामुळे तीच नावे पुन्हा वापरायला कुणाची हरकत नसे. वेई घराण्याच्या त्साओ रुईला मात्र धीर नव्हता. २३७ मध्ये, स्वतः हयात असतानाच, त्याचे मंदिरनाम ठरले आणि पुढच्या इतिहासकारांनी त्यावर कडक ताशेरे ओढले.

मंदिरात जागा मोजकीच असे. नवी पाटी आली की जुन्यांपैकी एक मागच्या दालनात जाई; 'झू' मात्र कायमचा. मिंग सम्राट च्याचिंगचा पेच इथलाच. चुलतभाऊ निपुत्रिक वारल्याने १५२१ मध्ये त्याला गादी मिळाली. त्याचे वडील कधीच सम्राट नव्हते, पण त्यांना सम्राटाचा मान हवा हा त्याचा हट्ट. १५२४ मध्ये विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यांना दरबारात फटके मारले गेले, काही त्यात दगावले. अखेर १५३८ मध्ये त्याने वडिलांना 'रुईझोंग' करून मंदिरात बसवलेच. त्याच वर्षी योंगले सम्राटाचे, तोवर मिंग घराण्याचा ताइझोंग असलेल्याचे, नाव बदलून चेंगझू केले. एका घराण्यात दोन 'झू' झाले. योंगलेही धाकट्या शाखेतूनच गादीवर आलेला. च्याचिंगला त्याच्याबद्दल जवळीक वाटली असेल तर नवल नाही.

मिंग काळापासून एका सम्राटाच्या राज्यकाळाचा एकच कालखंड आणि त्याला एकच नाव, असा रिवाज पडला; सम्राटही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणून आज आपण योंगले, कांगशी, च्येनलोंग म्हणतो आणि घोळ टळतो. अपवाद मिंग सम्राट झू चीझेनचा. १४४९ च्या लढाईत तो मंगोलांच्या हाती सापडला, सुटून आला, १४५७ मध्ये पुन्हा गादीवर बसला आणि त्याने कालखंडाला नवे नाव दिले. एका माणसाचे दोन कालखंड झाले, त्यामुळे इतिहासकार त्याला मंदिरनामानेच ओळखतात: यिंगझोंग. सोंग घराण्यातही एक यिंगझोंग आहेच.