रिकामी टोपली आणि कोरा रकाना

समजा, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरची एक होडी दिवसभर जाळं टाकून रिकामी परतली. वहीत तिच्यापुढे शून्य पडेल. शेजारची होडी अजून आलीच नसेल, तर तिचा रकाना कोरा राहील. मासळी दोन्हीकडे नाही. पण पहिल्या होडीच्या डिझेल-बर्फाचा खर्च अंगावर आलेला आहे, दुसरीबद्दल ती धक्क्याला लागेपर्यंत कुणी काही बोलू शकत नाही.

हा फरक लिस्प या संगणकभाषेत फार स्वच्छ दिसतो. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तिची सुरुवात केली. तिच्या ‘कॉमन लिस्प’ या बोलीत चलाला (म्हणजे आकडा किंवा यादी ठेवायच्या नावाला) सुरुवातीची किंमत, म्हणजे आत ठेवायचं मूल्य, न देता दोन तऱ्हांनी जाहीर करता येतं.

(डेफवार *पकड*) लिहिलं, की नाव नोंदलं जातं, किंमत मिळत नाही. हा कोरा रकाना. ती किंमत मागितली, की प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो. आधी खात्री करायची असेल तर ‘बाउंडपी’ला विचारावं: किंमत आली का?

(लेट (पकड) …) लिहिलं तर मात्र चलाला लगेच ‘निल’ मिळतं. निल म्हणजे ‘खोटं’, आणि तेच निल म्हणजे रिकामी यादीसुद्धा. म्हणजे आपण काहीच न देता लिस्पने हातात रिकामी टोपली ठेवली.

खरा धोका इथे आहे. पकडीची यादी भरायची राहून गेली आणि ‘लेंग्थ’ने तिची लांबी मोजली, तर उत्तर येतं शून्य. कुठेही त्रुटी नाही. न आलेली होडी रिकामी आलेली ठरते, सरासरी खाली येते आणि हिशेब वरवर बरोबर दिसतो. निलमध्ये ५ मिळवायला गेलं असतं तर निदान प्रोग्राम अडला असता. ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या ऑटोलिस्प या बोलीत तर कधीच किंमत न दिलेलं नावही निल देतं, त्यामुळे नावाचं स्पेलिंग चुकलं तरी कळत नाही. म्हणून मला अडणारा प्रोग्राम जास्त भरवशाचा वाटतो.

डेफवारची आणखी एक सवय मला आवडते. त्यात किंमत लिहिली, पण चलाला आधीच एखादी किंमत असली, तर तो तिला हात लावत नाही. संध्याकाळी फाइल पुन्हा लोड केली तरी, लिस्प चालूच असेल तर, सकाळचा आकडा शाबूत राहतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांच्या रकान्यांत मी शून्य भरणार नाही.