समुद्रकाकडी-संवर्धन : चिखलतळी व कृत्रिम खडपे

चिखलाचा तळ असलेल्या खाऱ्या तळ्यांत दगड, कौले, जाळ्या यांचे उंचवटे (कृत्रिम खडपे, इंग्रजीत ‘रीफ’) रचून त्यांवर समुद्रकाकडी वाढवण्याची पद्धती. तिचा मुख्य प्रदेश म्हणजे उत्तर चीनमधील ल्याओनिंग व शांतुंग या प्रांतांचा किनारा. चीनचे समुद्रकाकडीचे संवर्धित उत्पादन २०१० नंतरच्या दशकात वर्षाला सुमारे २ लाख टनांवर गेले. त्यात तळ्यांचा वाटा मोठा आहे.

काकडीशी या प्राण्याचे नाते आकारापुरतेच. तो कंटकचर्मी संघातील, म्हणजे तारामाशाचा भाऊबंद. कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी तो प्रयोगशाळेच्या बरणीत पाहिलेला असतो : फॉर्मॅलिनमध्ये पांढुरका पडलेला, आखडलेला, ओळखीची कोणतीच खूण न राहिलेला. जिवंत प्राणी अगदी वेगळा दिसतो. पाठीवर मऊ काट्यांच्या रांगा, पोटाकडे घट्ट चिकटणारे नलिकापाद आणि तोंडाभोवती झुपकेदार स्पर्शकांचे कडे. ही स्पर्शके तो खडकावर टेकवतो, गाळ व शेवाळ टिपतो आणि एकेक स्पर्शक तोंडात घालून चाटून घेतो. संवर्धनातील प्रमुख जाती अ‍ॅपोस्टिकोपस जॅपोनिकस हिचे वर्णन सेलेंका यांनी १८६७ मध्ये स्टिकोपस या प्रजातीखाली केले; १९८० मध्ये ल्याओ यांनी तिच्यासाठी वेगळी प्रजाती मांडली. जुन्या ग्रंथांत पहिलेच नाव आढळते.

परिभाषेबाबत थोडे. ‘रीफ’साठी मराठीत सर्रास ‘प्रवाळभित्ती’ लिहितात. येथे तो शब्द दिशाभूल करणारा आहे, कारण या तळ्यांत प्रवाळ नसते आणि त्या थंड पाण्यात प्रवाळभित्ती वाढणारही नाही. चिनी ‘ज्याओ’ म्हणजे पाण्याखालचा खडक. कोकण किनाऱ्यावर अशा खडकाळ जागेला ‘खडप’ म्हणतात; या नोंदीत तोच शब्द घेतला आहे.

उगमाविषयी दोन मते आहेत. समुद्रतळावर दगड टाकून शेवाळ व जलचर वाढवण्याची ‘त्सुकिइसो’ ही पद्धत जपानमध्ये साधारण सतराव्या शतकापासून असल्याचे मानतात, आणि तळ्यातील खडपे हा तिचाच विस्तार असल्याचे एक मत आहे. अळ्या वाढवण्याचे पहिले प्रयोगही जपानमध्येच १९३० च्या दशकात झाले. चीनमधील प्रयोग १९५० च्या दशकातील, तर मोठ्या प्रमाणावर बीजनिर्मिती, म्हणजे संवर्धनासाठी पिल्ले तयार करणे, १९८० च्या दशकापासूनची. दुसरे मत या पद्धतीचे मूळ चीनमधील कोळंबी-तळ्यांत शोधते. १९९३ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुरोगाने चीनमधील कोळंबी-संवर्धन कोलमडले व किनाऱ्यावरची तळी ओस पडली. बांध, भरतीचे पाणी आत-बाहेर करणाऱ्या झडपा, दीड-दोन मीटर खोली, हे सारे तयार होते. नव्हता तो कठीण तळ. कोळंबीला चिखल चालतो, या जातीला चालत नाही. तळ्यांची आजची रचना पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दगड टाकण्याची कल्पना जुनी असेल, पण चिखलावर दगड टाकण्याची गरज कोळंबीच्या तळ्याने निर्माण केली.

मऊ गाळात पिल्ले रुततात. गाळाच्या पोटात ऑक्सिजन नसतो, तेथे हायड्रोजन सल्फाइड साठतो. खडप हा म्हणून आधी चिखलावरचा पाट आहे, मग आसरा. कठीण तळावर दगडांचे ढीग पुरतात. चिखलात दगड हळूहळू खाली जातो, म्हणून कौलांच्या उतरंडी, सिमेंटच्या नळ्या किंवा चौकटींवर ताणलेल्या जाळ्या वापरतात. जाळीचे खडप हलके असते व गाळापासून वर राहते. पृष्ठभागावर डायाटम या सूक्ष्म शैवालांचा निसरडा, तपकिरी थर धरतो. तेच मुख्य खाद्य. खडप अन्नासाठी की सावलीसाठी, हा वाद ऋतू लक्षात घेतला की बराच मिटतो. साधारण १० ते १७° से. तापमानात प्राणी भरपूर खातो. पाणी २० ते २५° से.च्या पुढे तापले की खाणे सोडतो, त्याचे आतडे आक्रसते आणि तो ग्रीष्मनिद्रेत जातो. अशा वेळी कौल उचलले तर खालच्या अंगाला अनेक प्राणी अंग चोरून चिकटलेले सापडतात.

धोकेही उन्हाळ्यातलेच. जोराच्या पावसाने गोड्या पाण्याचा थर वर तरंगतो, खालचे खारे पाणी कोंडते व तळाचा ऑक्सिजन संपतो. वाढलेले हिरवे शेवाळ मरून कुजले की तेच होते. २०१८ च्या उष्णतेच्या लाटेत ल्याओनिंगमधील तळ्यांत फार मोठी मरतूक झाली. त्रास झाला की प्राणी स्वतःचे आतडे बाहेर टाकतो. निरोगी असेल तर ते पुन्हा उगवते. काढणी वसंतात व शरदात, पाणबुडे हाताने वेचून करतात. माल उकडून, वाळवून विकतात.

भारतात तुतिकोरिन येथे १९८८ मध्ये होलोथूरिया स्कॅब्रा या उष्णकटिबंधीय जातीचे बीज तयार झाले. ही जाती स्वतःला वाळूत पुरून घेते, तिला खडप लागत नाही. २००१ पासून सर्व समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्या पकडणे व विकणे गुन्हा आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील शेततळ्यांत हे संवर्धन होऊ शकत नाही. कंटकचर्मी प्राण्यांची एकही जाती गोड्या पाण्यात राहत नाही. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनींचा विचार काहींच्या मनात येतो. परंतु जमिनीतील क्षार म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे. त्यांतील घटकांचे प्रमाण निराळे असते, पोटॅशियम बहुधा फार कमी. खडपामागील तत्त्व मात्र इथे उपयोगी आहे. तळ्यात बांबू उभे केले की त्यांवर शैवालाचा थर धरतो आणि रोहू तो खरवडून खातो. बंगाल व बांगलादेशात यावर बरेच काम झाले आहे. आपल्याकडे शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो. त्यात बांबू रोवला तर कागद फाटून तळे गळते, म्हणून बांबू दोरीने आडवे, पाण्याखाली टांगावे लागतात.